पारीचा कोरा पेपर

मंगळवार, २२ एप्रिल

पाचवीचे पेपर तपासून झाले. पाचवीत मुलं पाचच, काम तासाभराचं. पण पारीच्या गणिताच्या पेपरवर अडकले आणि डोकं फिरलं. नाव लिहिलंय, तारीख लिहिलीय, खाली पट्टीने सरळ रेघ मारलीय, पहिली बेरीज केलीय. पुढे सगळं कोरं. पन्नासपैकी दोन. परिसर अभ्यासात चार.

ही तीच मुलगी, फळ्यावर माझा हातचा विसरला की मागून "बाई, येक ऱ्हायला" म्हणून ओरडणारी. आजारी होती म्हणावं तर त्या दिवशी खिचडी दोनदा वाढून घेतली. पेपर चालू असताना मी समोरच बसले होते. पारी पेन खाली ठेवून शांतपणे पुढच्या नंदाच्या पाठीकडे बघत होती. मला वाटलं, विचार करतेय.

नंदाही नापास. त्याचं मला नवल नाही. दिवाळी झाली की तिचे आईबाप वडखळच्या बाजूला वीटभट्टीवर जातात, तीही जाते. यंदा परीक्षेपुरतं मामाने आणून सोडलं. जे कानावरच पडलं नाही ते तिने लिहायचं कुठून?

पूर्वी हे दुखणं नव्हतं. कोऱ्या पेपरलाही एक श्रेणी मिळायची आणि पोर वरच्या वर्गात ढकललं जायचं. आता पाचवीला आणि आठवीला नापास करता येतं. जूनमध्ये पुन्हा परीक्षा, त्यातही पडलं तर वर्षभर त्याच वर्गात. कासूच्या आमच्या आदिवासी वाडीत ते वर्षभर कोण थांबतं, हे नियम करणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

गुरुवार, २४ एप्रिल

पेणला केंद्राची बैठक. केंद्रप्रमुख गावंडसर, म्हणजे आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख ठेवणारे गृहस्थ, माणूस वाईट नाही. वरून दट्ट्या आला की तेवढाच खाली देतात. बैठक संपल्यावर मला बाजूला घेतलं.

"डेबोराबाई, दोन पोरींसाठी सगळ्या केंद्राचा निकाल खाली येतोय. पेपर तुम्हीच तपासता ना?"

"हो, म्हणूनच तर."

"मग जरा सढळ हाताने तपासा की. पारी हुशार आहे असं तुम्हीच सांगता. हुशार आहे तर द्या पास करून. खोटं काय त्यात?"

"सर, कोऱ्या पानावर मी खुणा कशाच्या करू?"

ते म्हणाले, तुम्हाला आपलं सगळं जगावेगळं. मी म्हटलं, असू दे. गाडीत बसल्यावर आणखी चार उत्तरं सुचली, ती वाया गेली.

घरी येऊन पारीची जुनी प्रगतिपत्रकं काढली. पहिलीपासून सगळी माझ्याच अक्षरात. श्रेणी कधी अ-१, कधी अ-२. खाली वर्णनात्मक नोंद: "इतरांना मदत करते. गटात आनंदाने काम करते." नंदाच्या पत्रकावर तेच. खोड्या करून वर्ग डोक्यावर घेणाऱ्या दिनेशच्या पत्रकावरही तेच, फक्त 'करतो'. नोंदींचं तयार पुस्तक बाजारात मिळतं, आता तर मोबाइलवर फुकट येतं. उघडायचं आणि उतरवायचं. मुलाकडे मान वर करून बघायचीसुद्धा गरज नाही.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "आमच्या कंपनीत पण ग्रेड होत्या. मला जन्मभर 'बी'. शनिवारचा ओव्हरटाइम करत नव्हतो ना." धाटावला सारी नोकरी झाली त्यांची. आमच्या ज्यू पूर्वजांना गावात शनवार-तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून. बाबांनी कंपनीचा घाणाही शनिवारी बंद ठेवला. मी मात्र शनिवारी शाळेत जाते. फक्त ही वही उघडत नाही. तेवढ्यावर देवाने भागवून घ्यावं.

गुरुवार, १ मे

निकाल. पारीने स्वतःचं पत्रक उघडलंही नाही. आधी विचारलं, "बाई, नंदी पडली ना?"

"तूसुद्धा पडलीस. लाज वाटत नाही?"

"नाय," ती म्हणाली. उर्मटपणे नाही. जेवलीस का, याला 'नाय' म्हणावं तितक्या सरळ. दोघी हात धरून निघून गेल्या. मला एवढा राग आला की निकालाचा खडीसाखरेचा पुडा तसाच घरी परत आणला.

संध्याकाळच्या गाडीला वेळ होता म्हणून पारीच्या आईला, सरूला, भेटायला तिच्या झोपडीवर गेले. सरूने पत्रक उलटंसुलटं बघितलं आणि सरळ सांगितलं, "येकदा पडली ती पडली. जूनला पुन्यांदा पडली तर दिवाळी झाल्यावर मी हिला घेऊन भट्टीवर जायन. चार विटा तरी उचलंल. साळंत बसून म्हातारी व्हायाची का ही?"

"आणि पास झाली तर?"

सरूने चुलीत लाकूड सारलं. मी हे गप्प राहणं होकार धरलं आणि वाडी उतरताना मनाशी ठरवलं, ह्या पोरीला मी पास करणार. एकही मार्क फुकट न देता करणार. गावंडसरांनी बघतच राहावं.

मंगळवार, ६ मे

नापास मुलांना सुट्टीत जादा शिकवायचं, असा आदेश आहे. शिकवण्यासाठी यायचं कसं, यावर आदेश गप्प. रोह्याहून सकाळची पॅसेंजर, कासूला उतरून बांधावरून वाडी. दहा वाजताच पत्रा तापतो. शाळेतले दुसरे शिक्षक कुठल्याशा सर्वेक्षणावर आहेत. ते वर्षभर कुठल्या ना कुठल्या सर्वेक्षणावरच असतात. आम्ही तिघी आंब्याखाली बसतो.

नंदाला भागाकाराची भीती वाटते. संख्या मोठी दिसली की पाटी पुसून टाकते. पारीला मी तीच उदाहरणं दिली. चुकली. मग सोपी दिली. तीही चुकली. चुकताना एकदाही अडखळली नाही, झरझर चुकली. असली चूक मी नोकरीत कधी बघितली नाही.

आरोनचा फोन. माझा धाकटा भाऊ परदेशात, अश्दोदला, राहून आता जुना झालाय, पण बोलतो अजून आमच्या रोहा-अष्टमीच्या मुलांसारखं. "डेबी, इकडे यायचे तुझे कागद सगळे पुरे आहेत. फक्त मुंबईला जाऊन मुलाखतीची तारीख घ्यायची. गेल्या वर्षी म्हणालीस निवडणुकीची ड्यूटी. त्याच्या आदल्या वर्षी पण काहीतरी होतं. यंदा काय?"

"यंदा पोरींची परीक्षा. आणि बाबांचे गुडघे. एवढा प्रवास त्यांना झेपेल का?"

"बाबा तर म्हणतात, डेबी निघाली तर मी उद्या निघतो."

म्हातारी माणसं बोलतात तसं. फोन ठेवते तोच बाबा बाजारातून चालत आले, पिशवीत खाडीची ताजी बोई. जिना दमादमाने नाही, एका दमात चढले. मासे उन्हात खराब होतात म्हणून घाई केली असणार.

बुधवार, १४ मे

आज घागर भरायला बोरिंगवर गेले होते. परत येताना आंब्यामागून आवाज ऐकला. पारी नंदाला शिकवत होती.

"ह्यो आकडा भाजी समज. किती घरांना वाटायची? सात. पयल्यांदा समद्यांना सारखी दे. मग उरल ते उतरव खाली. पुन्यांदा वाट."

नंदाने गणित सोडवलं. बरोबर! मी आठवडाभर घसा फोडला ते ह्या पोरीने भाजी वाटून शिकवलं. आणि पाठोपाठ मी पारीला तशाच जातीचं गणित घातलं तर हिने पाटीवर वाट्टेल ते लिहिलं. मी पाटी आपटली. पाटी फुटली. पारीने तिचे तुकडे उचलून नीट कडेला ठेवले, माझ्याकडे न बघता.

मला वाटतं, तिला लिहिण्याची भीती बसलीय. तोंडी येतं आणि लिहिताना हात गोठतो, असं असतं काही मुलांचं. पेणला त्यातल्या जाणकार बाई आहेत म्हणतात. विचारते.

मंगळवार, २० मे

पेणच्या बाईंकडे न्यायची गरज नाही. भीती कसली नि काय. मीच आंधळी.

आज दोघींना गोष्टीसारखं सांगत होते, सहावीची शाळा केवढी मोठी, प्रयोगशाळा कशी, खो-खोचं मैदान कसं. नंदा ऐकत होती. पारी गवताची काडी चावत होती. मी वैतागून विचारलं, "तुला जायचं नाही का तिथे?"

"नंदीसंगं जायन."

"आणि नंदा पडली तर?"

"मग मी पन पडन."

 मग हळूच म्हटलं, "पारी, खरं सांग. एप्रिलमधला पेपर तुला येत होता?"

"येत व्हता."

"सगळा?"

"समदा. लिवायचा नव्हता."

आवाज चढवायला तोंड उघडलं आणि तिनेच मला गप्प केलं. "बाई, सहावीची साळा हायवेच्या पल्याड. येकल्या पोरीला वाडीतनं कोन धाडत नाय. ती किमया पास झाली का नाय? तुमी पेडा दिलता. कुठं हाय आता? घरातच हाय, पोरं सांभाळत. पास झाली तर घरात, नापास झाली तर साळंत. मग नंदीसंगं अजून येक वरीस साळंत बसन. पुढल्या वरसाला नंदी शिकंल, मग दोघी जावू."

गेल्या वर्षीची किमया केवढी हुशार. आख्ख्या केंद्रात पहिली आली होती.

मी म्हटलं, तुझी आई तुला भट्टीवर न्यायचं म्हणतेय. पारीला हे ठाऊक नव्हतं. गवताची काडी तोंडातून काढली. पहिल्यांदाच ती मला दहा-अकरा वर्षांची दिसली. मग म्हणाली, "मग नंदीला आताच पास करा."

कसं सांगते बघा. जसं काही मी हिची मदतनीस.

बुधवार, २१ मे

सरूच्या दारात जाऊन बसले. उठलेच नाही. भट्टीवरून परतलेल्या नंदाच्या आईलाही बोलावून घेतलं. विचारलं, दोघी पास झाल्या तर पाठवाल?

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. सरू म्हणाली, "दोघी असल्या तर जातील. येकमेकीला धरून हायवे वलांडतील. येकीला नाय धाडनार, बाई. तुमी किती बी बसा."

"लेखी देऊ नका, पण शब्द द्या."

"दिला गो."

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "पोरी पास झाल्या तर एलियाहू हन्नाबीला मलिदा करू." आमच्याकडे एलियाहू प्रेषिताला नवसाचा मलिदा करतात: पोहे भिजवून त्यात गूळ-खोबरं, सोबत फळं, आणि प्रार्थना. मी म्हटलं, करून खाणार कोण? आळीत आपण दोघंच उरलोय. "ते मी बघीन," म्हणाले.

सोमवार, २ जून

गावंडसरांचा फोन. निकालाचा तक्ता वर जाणार आहे, आधीच भरून ठेवा, परीक्षा काय आपली घरचीच. मी म्हटलं, सर, तुम्ही स्वतः या परीक्षेला. खुर्ची टाकून बसा. मग तक्ता भरू.

"बाई, तुम्हाला बदलीची भीती नाही का वाटत?"

"कुठे करणार बदली? मी इथून भावाकडे परदेशात गेले नाही, तुमच्या तालुक्याबाहेर काय जाणार?"

हे तोंडातून कसं निघालं, देव जाणे. ते हसले. म्हणाले, येतो.

नंदा आता मोठे भागाकार करते. हळू करते. प्रत्येक वेळी घरं मोजते, भाजी वाटते, उरलं ते खाली उतरवते. वेळ लागतो. वेळेचीच मला धास्ती आहे.

गुरुवार, १२ जून

आज गणित.  

वर्गात दोघीच. पुढे नंदा, मागे पारी. गावंडसर दाराशी खुर्चीवर. पेपर वाटले. पारीने नाव लिहिलं, तारीख लिहिली, पट्टीने रेघ मारली आणि पेन खाली ठेवलं.

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. मग तिने नजर नंदाच्या पाठीवर लावली आणि तिथेच ठेवली. तिला माझा शब्द नको होता, आईचा नको होता. नंदा लिहिते की नाही ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

अर्धा वेळ गेला. नंदा बोटं मोजत होती. पारीचा पेपर कोरा. सरांनी मला खुणावलं, हिचं काय? मी खांदे उडवले.  वाटलं, जाऊन तिच्या हातात पेन कोंबावं. "अगं लिही, तुझी आई तुला विटा उचलायला लावेल," असं ओरडावं. ओरडले नाही. ती कोरं पान मांडीवर घेऊन राणीसारखी बसली होती, आणि तिला हुकूम करायची माझी छाती झाली नाही.

वेळ संपत आली तेव्हा नंदाने मान वर केली. "झालं, बाई."

मागून पारी: "समदं?"

"समदं."

परीक्षेत बोलायचं नाही असा नियम आहे. मी ऐकलंच नाही. पारीने पेन उचललं आणि लिहायला लागली. डोकं खाली, जीभ दातात, कागद फाटेल असं लिहीत होती. बाहेर दाराला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलाय, तीच आमची घंटा. लोखंडी दांडा माझ्या हातात होता. घड्याळ बाराच्या पुढे गेलं. मी दांडा हातात धरून उभी राहिले.

"बाई, वेळ झाली," गावंडसर म्हणाले.

"शाळेचं घड्याळ पुढे आहे, सर."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, पारीकडे बघितलं. नेमका तेव्हाच त्यांना फोन आला. फोन कानाला लावून ते बाहेर आंब्याखाली गेले आणि बराच वेळ बोलत राहिले. वाजलेला मात्र मला ऐकू आला नाही. योगायोगच म्हणायचा, नशीब आमचं. ते परत येताना दिसले तेव्हा मी टोला दिला. पारीचं शेवटचं उदाहरण अर्धं राहिलं.

मार्क मी कुणाला फुकट दिले नाहीत. वेळ दिला. त्याचा जाब कुणी विचारला तर देईन.

सोमवार, १६ जून

नंदा गणितात एकोणीस. पास व्हायला अठरा लागतात. एका उदाहरणात रीत बरोबर आणि उत्तर चुकलेलं, तिथे अर्ध्या गुणाचा मोह झाला. दिला नाही. एकोणीस तिचे स्वतःचे आहेत. पारी एक्केचाळीस. बाकी विषयांत दोघी पास.

गावंडसरांनी तक्त्यावर सही केली. म्हणाले, "नोंद नीट लिहा हो, पुस्तकातली. वर तपासतात." मी पारीचं पत्रक पुढे ओढलं आणि लिहिलं: "इतरांना मदत करते."

पुस्तकातलंच वाक्य. वर कोण तपासायचं ते तपासो.

आज सहावीत नावं घातली. हायवे ओलांडताना दोघींनी हात धरला होता. मी मागे होते. माझा हात कुणी मागितला नाही.

रविवार, २२ जून

बाबांनी मलिदा केला. पहाटे पोहे भिजवले, नारळ स्वतः खवला, डबा फडक्यात बांधला आणि म्हणाले, "चल वाडीवर. खाणारी माणसं तिथं आहेत." कासूला उतरलो. रिक्षा मिळेना तर डबा खांद्यावर घेऊन बांधावरून तुरुतुरु पुढे. चिखलात मीच दोनदा घसरले, त्यांनी मला हात दिला.

आंब्याखाली बाबांनी एलियाहू हन्नाबीची प्रार्थना म्हटली. पोरं बाबांच्या टोपीकडे बघत बसली. सरूने विचारलं, कुठला देव हा? बाबा म्हणाले, "वाटेत सोबत करतो तो." मग मलिदा वाटला. वाटायला पारी उठली. समद्यांना सारखा, उरला तो पुन्हा.

किमया तिच्या भावाला कडेवर घेऊन आली होती. तिने विचारलं, "बाई, तिघी असल्या तर?" तिच्या आईला उद्याच गाठते. मध्ये शाळा सुटली तरी तिला सहावीला घेता येतं, नियम आहे. आज पहिल्यांदा मला एक नियम आवडला.

घरी पोचतो तोच आरोनचा फोन. परीक्षा झाली ना, आता तारीख घे. मी म्हटलं, बघते रे, पण बाबांचे गुडघे फार दुखतात हल्ली. चार पावलं चालवत नाही.

बाबा समोरच पायातला चिखल धूत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "डेबी, माझ्या गुडघ्यांना काही एक झालेलं नाही. तुला ठाऊक आहे."

"आहे."

"कागद पुरे आहेत. एक तारीख घ्यायची. मग तुला येत नाही का ते?"

"येतं सगळं, बाबा," मी म्हटलं. "लिहायचं नाही."

ते हसले नाहीत. तांब्यातलं उरलेलं पाणी पायावर ओतलं आणि म्हणाले, "मग उद्या त्याला तसं सांग. माझ्या गुडघ्यांना मध्ये घालू नको."

उद्या सांगणार आहे.